तुझं पंचांगच निराळं

४ जून १८९४, सोमवार. नौपाडा

व्ही. पी.चे पार्सल सोडवले. आत —

रबरी पिचकारी, एक : १ रु. ४ आणे
स्पंज, बारीक छिद्रांचे, दोन : ६ आणे
तुरटीची पूड, डबी : २ आणे
इंग्रजी पुस्तक, जुने पण धड : १२ आणे
टपाल व व्ही. पी. : ५ आणे

एकूण २ रु. १३ आणे. तुरटी इथे ठाण्याच्या पेठेत पैशाला मिळते! मुंबईच्या दुकानदाराने डबीचे पैसे लावले.

सासूबाई ओटीवर गहू निवडीत होत्या. "काय गं ते?" म्हटले, कानाची पिचकारी. खोटे बोलले. खरे कोणत्या तोंडाने सांगू?

खरे हे, की इतक्यात मला दिवस राहिले तर मी जगणार नाही. गेल्या कार्तिकात मुंबईच्या इस्पितळात मुलगा झाला तो मेलेला. मला झटके येत होते, दोन दिवस शुद्ध नव्हती. घरी निघताना पेरीनबाई डॉक्टरीणबाईंनी इकडे आणि मला समोर उभे करून सांगितले — "मूत्रपिंड बिघडलंय. दोन वर्षं तरी मूल नको. नंतरही मला विचारल्याशिवाय नको. परत झटके आले तर मी काही करू शकणार नाय." नको ते कसे नको करायचे, हे सांगण्याआधीच त्यांना दुसऱ्या खाटेकडे बोलावणे आले. आणि आम्ही दोघे मान खाली घालून निघून आलो! मी मॅट्रिक झालेली, स्वारी कलेक्टर कचेरीत साहेबाशी इंग्रजी बोलणारी. एकानेही विचारले नाही.

चिमी तीन वर्षांची. तिला आई हवी. पार्सल त्यासाठी.

५ जून

दुपारी सासूबाई कलंडल्यावर पुस्तक वाचले. कोशाशिवाय कळले, फार अवघड नाही. म्हणते की विटाळ गेल्यावरचे आठ-दहा दिवस जोखमीचे, महिन्याचा मधला भाग निर्धोक. आपल्या शास्त्रात ऋतुकाल सोळा रात्रींचा. त्यापुढे बीज धरत नाही म्हणतात.

रात्री हे सांगितले. इकडून केवढा आनंद! "शास्त्र आणि साहेब एका मतावर आलेले मी कचेरीत एकदाही पाहिले नाही. आता हरकत कसली?" पिचकारी, स्पंज पेटीत शालूखाली गेले. ते बघायलाही इकडे संकोच होतो.

हरकत आहे ना. पुस्तकातल्या बाईचा महिना चंद्रासारखा येतो. माझा कुठे येतो? बाळंतपणानंतर पहिला विटाळ फाल्गुनात, मग चैत्र कोरा, आणि मे महिन्यात मी दोनदा बाहेर बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मागच्या पडवीत पानावर भाकरी टाकताना सासूबाई म्हणाल्या, "तुझं पंचांगच निराळं, सूनबाई! एका महिन्यात दोन पौर्णिमा." भाजीवाली हसली. हे तिच्यापुढे!

बाहेर बसण्याची हीच गंमत. साऱ्या आळीला कळते. माझ्या पोटातले मला कळण्याआधी भाजीवालीला.

सासूबाईंचे बरे. होळीला बसल्या त्यानंतर नाहीत. वर्षभर दोन-दोन महिने खंड पडत होताच. "सुटले मी!" म्हणून सगळ्यांना सांगत असतात. "आता मरेपर्यंत सोवळ्यात. देवाला माझ्या हातचंच." त्रेचाळीस-चव्वेचाळिसाव्या वर्षी सुटल्या. भाग्याच्या.

११ जून, सोमवार

सोळा रात्री कोणत्या विटाळापासून धरायच्या, यावर वाद. पहिल्या की दुसऱ्या? दुसऱ्या, म्हणजे जोखीम कमी, असे ठरले. त्याही संपल्या.

देवाचे नाव घेतले.

१९ जून

सासूबाईंचा कान ठणकू लागला. "काढ ती तुझी पिचकारी!" आता? नाही कशी म्हणू? कोमट तेल घालून त्यांचा कान धुतला. सव्वा रुपयाची पिचकारी! इकडची स्वारी दाराआड उभी राहून हसू दाबीत होती. मला मेलीला हसूही येईना आणि रडूही.

त्यांना बरे वाटले मात्र. म्हणाल्या, "शिकल्याचा उपयोग झाला एकदाचा."

२ जुलै

अजून नाही.

३ जुलै

सकाळी फोडणीच्या वासाने पोटात ढवळले. वासाने की भीतीने? कळत नाही. पदर खांद्यांभोवती घट्ट लपेटून बसले. चिमीने विचारले, "आई, थंडी वाजते?" पावसाळा आहे म्हटले.

६ जुलै

सासूबाईंनी माझ्या न बसण्याचा हिशोब धरला आणि बाळकुमच्या गंगुबाई सुईणीला बोलावले. चाळीस वर्षे या भागातली पोरे तिच्याच हातून निघाली. आली, माझे मनगट धरले, डोळे मिटले, आणि पानाची पिंक टाकून म्हणाली — "पोर हाय. नि पोरगाच हाय!"

सासूबाईंनी तिला खण दिला, वर साखर! मामंजींनी जपाची माळ थांबवून आतून विचारले, "काय झाले?" सासूबाई म्हणाल्या, "गोड बातमी."

गंगुबाईला मागच्या दारी गाठले. सांगितले, मला डॉक्टरांनी मरण सांगितले आहे. तिने मागे वळून दार बघितले. मग हळूच, "काढा देऊ का मंग? दोन दिसांत मोकली व्हशील." मी विचारले, त्यात काय असते? "तुला काय करायचाय? वैनी, सात जणींना दिला, पाच जणी चांगल्या हायेत."

पाच!

काढा घेणार नाही. येऊ न देणे वेगळे आणि आलेले मारणे वेगळे. देवापाशी मला हा फरक दिसतो. आणि देवाचे सोडले तरी, उरलेल्या दोघींचे काय झाले हे तिने सांगितले नाही.

७ जुलै

इकडे सांगितले. जेवण गेले नाही. "शास्त्र आणि साहेब..." एवढेच म्हणणे झाले.

१३ जुलै, शुक्रवार. एकादशी

चातुर्मासाचा नियम धरला. कार्तिकी एकादशीपर्यंत भुईवर घोंगडीवर निजायचे, एकवेळ जेवायचे, ब्रह्मचर्य. दिवस राहिले असतील तर जे व्हायचे ते होईल. नसतील, तर चार महिने तरी धोका नाही.

सासूबाई संतापल्या. "पोटुशी बाई घोंगडीवर निजते? हे कुठलं व्रत?" आणि इकडून, दिवा मालवताना — "देवाला पुढे करून मला मागे सारणे झाले."

रागाने नव्हे. पण लागले.

देव म्हणजे काय दाराचा अडसर आहे, की घातला आणि निजले? म्हणून संकल्प सोडताना मनात खरे ते बोलले. 'मला पुण्य नको. मला चार महिने दे. तेवढ्यात मी काहीतरी शोधून काढते.' असा संकल्प कोणी सोडला असेल का कोण जाणे. पाणी सोडले खरे.

२६ जुलै, गुरुवार

आला!

पहाटे. मागच्या पडवीत येऊन बसले आणि हे लिहिते आहे. रोजनिशी शिवायची नाही खरे तर. शिवले. दिवस राहिलेच नव्हते. गंगुबाईचा पोरगा, सासूबाईंचा खण, साखर, सारे वाऱ्यावर! बाहेर बसलेल्या बाईने देवापुढे जायचे नाही, नाहीतर आज लोळण घेतली असती. पडवीतूनच हात जोडले.

सासूबाई पान ठेवताना डोळे पुसत होत्या. त्यांच्याबद्दल वाईट वाटले, हेही लिहून ठेवते.

२८ जुलै

तिसरा दिवस. पडवीत बसून विचाराला वेळच वेळ.

मे महिन्यानंतर एकदम आता. इतके दिवस मी अगदी खात्रीने गर्भार होते आणि नव्हते. आणि आम्ही सोळा रात्री मोजल्या त्या कशाच्या? सोळा रात्री तीस दिवसांच्या महिन्यातल्या. माझा महिना सत्तर दिवसांचा निघाला! सत्तरातल्या कोणत्या सोळा? पहिल्या? मधल्या? आणि तो सत्तरांचा आहे हे कळले केव्हा? संपल्यावर! पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडण्यासारखे आहे हे.

आम्ही वाचलो ते मोजणीने नाही. नशिबाने, किंवा देवाने. मोजणीला श्रेय देणार नाही.

आता विचारायचे. मान वर करून.

१४ ऑगस्ट, मंगळवार

मुंबईस जाऊन आले. मावशीला बघायला म्हणून गेले. तिलाही बघितले, म्हणजे खोटे नाही.

पेरीनबाईंनी ओळखले. "अरे, तू ती नौपाड्याची! जिवंत हाय ना, डिकरी!" तपासले, लघवी बघितली, रक्त कमी आहे म्हणाल्या. खजूर, पालेभाजी खा, उपास कमी कर.

मग मी विचारले. आधीच ठरवले होते की भिंतीकडे बघून का होईना, पण विचारायचे. पुस्तकातले सांगितले, सोळा रात्रींचे, चातुर्मासाच्या व्रताचे सांगितले. त्या इतक्या जोरात हसल्या की बाहेरची आया डोकावली.

"ही पुस्तकं लिहिणारे साहेबलोक कुत्री नि गाई बघून बाईचं ठरवतात. एक म्हणतो विटाळाच्या लगेच नंतर, दुसरा म्हणतो आधी. खरं विचारशील तर आम्हांला ठाऊक नाय. ज्या बाईचा महिना घड्याळासारखा, ती मोजूनसुद्धा फसते. तुझा महिना तर घड्याळच नाय. तू मोजून करणार काय?"

म्हटले, पुढच्या विटाळापासून मागे मोजले तर?

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "तू कुठे शिकली? मागे मोजशील, पण पुढचा कधी येणार ते आज कोण सांगणार? तुझ्या देवाला विचार." आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या ते तिथेच उतरून घेतले. 'महिना चुकला म्हणजे गर्भ असतोच असे नाही. आणि महिना वेळेवर येत नाही म्हणजे गर्भ राहत नाही, असेही नाही. विटाळ आला-गेला यावर जीव टाकायचा नाही.'

मग स्पंजाचे. दोरा बांधायचा, गोड्या तेलात किंवा शिरक्याच्या पाण्यात भिजवायचा, आधी ठेवायचा, नंतर सकाळी काढून उकळून वाळवायचा. दर वेळी! तिथी नाही, वार नाही, आज चालेल उद्या नको असे नाही. याचीही पक्की हमी नाही, पण मोजण्यापेक्षा कितीतरी बरे. आणि सगळ्यांत पक्के ते तुझे व्रत, म्हणाल्या.

"आणि पिचकारी?"

"ती वरातीमागून घोडं."

सांगितले, तिने सासूबाईंचा कान बरा झाला. "मग कानालाच ठेव!" पैसे घेतले नाहीत. बाहेरच्या पेटीत आठ आणे टाकले.

१५ ऑगस्ट

घोंगडीवर पडल्या पडल्या, पलंगाकडे तोंड करून सगळे सांगितले. अंधारात सांगणे सोपे जाते.

"म्हणजे पंचांगाला रजा?"

"कायमची."

पलंग करकरला. मग, "दर वेळी?"

"दर वेळी. आणि मी नाही म्हटले तर नाही."

"बरे," म्हणणे झाले. मग पुन्हा, "ते मुलाला झटके... म्हणजे तुला झटके येत होते, तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. बाकावरची खिळ्याची डोकी मोजत होतो. मोजणे मलाही पुरे झाले."

हे त्यांनी मला नऊ महिन्यांत पहिल्यांदा सांगितले.

१० सप्टेंबर, सोमवार

गौरी-गणपती झाले. सासूबाईंनी एकटीने सगळा नैवेद्य रांधला, सोवळ्यात, कोणाला आत येऊ दिले नाही. मधेच घामाघूम होऊन ओटीवर येऊन बसल्या. पित्त फार झाले आहे. मी म्हटले, आवळा घ्या. "तू तुझं बघ. घरात पाळणा नाही नि मला आवळा सांगते."

या वेळी माझा विटाळ पस्तिसाव्या दिवशी. बसले. आता भाजीवालीच्या हसण्याचे काही वाटत नाही.

२ ऑक्टोबर, मंगळवार. नवरात्र

कल्याणहून हरिहरपंतांचे पत्र. मुलगी बारा वर्षांची, दिसायला बरी. सासूबाईंनी ते मामंजींपुढे वाचायला मलाच दिले! 'आपल्या चिरंजीवांचे द्वितीय संबंधाविषयी...' मी वाचले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, अडखळले नाही. घडी घालून परत दिले.

मग मागच्या पडवीत सासूबाईंना गाठले. भाजक्या चिकणमातीचा खडा तोंडात होता त्यांच्या, पित्ताला बरा म्हणून हल्ली चघळतात. मी म्हटले, "सासूबाई, मी वांझ नाही. मी पोर नको म्हणतही नाही. पण आत्ता राहिले तर मी मरेन. डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे."

"डॉक्टरीण! मला नऊ झाली. धाकट्याच्या वेळी चार दिवस अडले होते. यांनी देव्हाऱ्यातली गंगा फोडून माझ्या तोंडात पाणी घातलं, निरोपाचं! तरी मेले का मी?"

मी म्हटले, "नऊ झाली. राहिली किती?"

बोलायला नको होते. तीन राहिली. हे साऱ्यांत मोठे, मधल्या नणंदबाई नाशकास, आणि सात वर्षांचा धाकटा. सहा गेली. सासूबाईंचा हात तोंडाशी गेला. खडा बाहेर काढून हातात धरला, आणि आत गेल्या.

३ ऑक्टोबर

पाया पडले. पाय मागे घेतले नाहीत. पाय सुजलेले दिसले. उपास करकरून वात धरला असेल.

५ ऑक्टोबर

आज सकाळी कचेरीत जाण्याआधी, पागोटे घालता घालता, इकडून सासूबाईंना म्हणणे झाले — "आई, कल्याणला नकार कळवा."

"तिर्‍यंबक, वंशाला..."

"मला एक बायको आहे. ती मला जिवंत हवी. दुसरीचा संसार मला झेपायचा नाही आणि पहिलीची तिरडी उचलायची नाही."

आणि जोडा घालून स्वारी चालती झाली. छत्री विसरून!

मी स्वयंपाकघरात होते. ऐकले. भात करपला. करपलेला मीच खाल्ला, टाकला नाही.

सासूबाई दिवसभर निजून होत्या. कल्याणच्या पत्राला मामंजींनी उत्तर घातले, 'तूर्त योग नाही'.

१७ ऑक्टोबर

अनर्थ टळला! पेटी ऊन द्यायला काढली होती. चिमीने एक स्पंज पळवला आणि ओला करून पाटी पुसत बसली. धाकट्या भावजींनी तिला पाटीवर 'ग' काढून दिला होता, तो पुसत होती.

सासूबाईंनी स्पंज हातात घेतला. दाबला. पुन्हा दाबला.

"एवढा मऊ स्पंज पाटीला? फडकं होतं ना घरात? मोठी हिशोबी म्हणवते!"

म्हटले, चुकले. तो स्पंज आता चिमीचाच. दुसरा जपून ठेवला, दोरा ओवून. तीन आण्यांना मी ऐकून घेतलेले हे सर्वांत स्वस्त बोलणे.

२९ ऑक्टोबर. दिवाळी

अभ्यंगाला सासूबाईंना तेल लावायला गेले तर म्हणाल्या, "नको. माझं मी लावते." दार लावून न्हाल्या. इतकी वर्षे मीच लावीत आले. ते कल्याणचे मनातून गेले नसावे. बांगड्या भरायला कासारीण आली तर त्यांचा हात जुन्या मापात जाईना. कासारीण म्हणाली, "आजीबाई, फराळ मानवला!" सगळ्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

चकल्या उत्तम झाल्या. त्यांच्याच हातच्या.

१० नोव्हेंबर, शनिवार

काल एकादशी झाली. आज पारणे. नियम सुटला. घोंगडी झटकून, घडी घालून ठेवली. देवाला सांगितले, 'तू चार महिने दिलेस, मी शोधायचे ते शोधले. आता माझा हात मी सोडणार नाही, तूही सोडू नकोस.'

विटाळ कधी यायचा तो येवो. पस्तीस, पन्नास, सत्तर. मी त्याची वाट बघत बसणार नाही आणि त्याच्यावर विसंबणारही नाही. तेल वाटीत, स्पंज डबीत. इकडून विचारणे झाले, "आज तिथी कोणती?" म्हटले, ठाऊक नाही! दोघे हसलो. कार्तिकापासून कार्तिक, वर्ष झाले आम्हांला असे हसून.

१२ नोव्हेंबर, सोमवार

तुळशीच्या लग्नाचे ऊस ओटीवर उभे करीत होते. सासूबाईंनी आत हाक मारली. दार लावून घेतले. माझा हात धरला आणि लुगड्याच्या निऱ्यांवर, ओटीपोटावर दाबून धरला.

"बघ," म्हणाल्या. "सूनबाई, हे पित्त नव्हे."

बाळ हलले. माझ्या तळव्याखाली, स्वच्छ. पुन्हा हलले.

"दसऱ्यापासून मला शंका होती. कोणाला सांगू? सून घरात, नि मी... आणि होळीपासून बसले नाही गं मी! सुटले होते ना?" माझा हात सोडला नाही. "या खेपेला मी नाही उठायची."

पेरीनबाईंचे वाक्य मी उतरून घेतले होते. पण स्वतःपुरतेच. पाय, बांगड्या, माती, घाम, सगळे डोळ्यांनी बघितले आणि सगळ्याला पित्त म्हटले.

देव्हाऱ्यात गंगेचे नवे भांडे आहे, झाळलेले. ते फोडू देणार नाही.

मामंजींना इकडून सांगणे होईल. कार्डावर लिहिण्यासारखे नाही म्हणून पाकीट घेतले. पाठवले ते असे —

'पेरीनबाई डॉक्टरीणबाई यांसी. नौपाड्याची मी. रोगी मी नव्हे, माझ्या सासूबाई. वय चव्वेचाळीस, दहावी खेप, मागल्या वेळी चार दिवस अडल्या होत्या. होळीपासून विटाळ नाही, वर्षापासून अनियमित, म्हणून सगळ्यांनी सुटल्या असे धरले. आज बाळ हलले. पायांवर सूज आहे. त्या यायला तयार आहेत. मी सोबत येते आणि राहते. कोणत्या दिवशी आणू, ते उलट टपाली कळवावे.'